जिनिंगच्या फरशीवरचा उन्हाळा

होळी होऊन गेली की अकोल्याच्या जिनिंगांमधला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांमधला, कापूस उठायला लागतो. दसऱ्यापासून आवारभर रचलेल्या पांढऱ्या गंज्या एकेक करून यंत्रात जातात, आणि मग एखाद्या सकाळी फाटकातून आत डोकावलं की खालची सिमेंटची फरशी दिसते. मोठी, सपाट, रिकामी. गावाला तेव्हा कूलरच्या वाळ्याची काळजी लागलेली असते. माझं लक्ष त्या फरशीवर असतं, कारण आमचा हंगाम तिथून सुरू होतो.

आमचा म्हणजे आइस हॉकीचा. हसून घ्या, मी थांबते.

आजवर इतके लोक हसलेत की कोण कुठल्या शब्दाला हसेल ते मला आधीच कळतं. बाहेरगावचे ‘अकोला’ म्हटल्यावर हसतात, अकोल्याचे ‘आइस’ म्हटल्यावर. एका स्पर्धेत समोरच्या संघाबरोबर आलेल्या गृहस्थांनी मला मोठ्या प्रेमानं विचारलं होतं, तुमच्याकडे बर्फ कुठे असतो, रसवंतीत ना? त्यांचं अगदी बरोबर होतं. रसवंतीतच असतो, लाकडाच्या भुशात, वर ओलं पोतं टाकलेला. मी फॉरवर्ड. फॉरवर्ड म्हणजे पुढे खेळणारी, गोल करणं हे तिचं काम. त्या संध्याकाळी त्यांच्या संघावर मी गोल केला आणि त्यांच्या बाकासमोरून सावकाश परत आले. एवढंच उत्तर मला देता येतं.

यंदाचाही कापूस उठला. परवा सकाळी नव्या मुली आल्या आणि मी त्यांच्या हातात आधी झाडू दिला. त्यांना वाटलं मॅडम शिस्त लावतायत. शिस्त वगैरे काही नाही. कापूस गेला तरी सरकी मागे राहते, फरशीच्या भेगांत, पायऱ्यांच्या कोपऱ्यात. वाटाण्याहून लहान ते बी स्केटच्या चाकाखाली आलं की भरधाव निघालेली पोरगी तोंडावर पडते. म्हणून आमच्याकडे खेळाआधी झाडायचं, सगळ्यांनी, आणि झाडताना बोलायचं नाही. फरशी झाडली की सरकीच्या ढेपेचा तेलकट, गोडसर वास वर येतो. तो वास आला की मला तो एक उन्हाळा आठवतो. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि सगळ्या जगानं माझ्या वतीनं ठरवून टाकलं होतं की ही आता खेळणार नाही.

त्याच्या आधीचं थोडं सांगते. माझ्या माहेरी, भातकुलीजवळ, फुलांची शेती. झेंडू, शेवंती, गुलछडी. उजाडायच्या आत बाबा ओल्या बारदानात फुलं बांधायचे, गाडीवर मागे गठ्ठा आणि पुढे टाकीवर मी. अमरावतीच्या फुलबाजारात गठ्ठा उतरला की ते मला स्केटिंगच्या मैदानावर सोडायचे, कारण बाजाराचा भाव निघेपर्यंत मला कुठे ठेवायचं हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. माझी कारकीर्द अशी सुरू झाली. त्यामागे कुणाचं स्वप्न नव्हतं, बाबांची सोय होती. माझ्या स्केटच्या पिशवीला कायम झेंडूचा वास यायचा आणि मुली नाक मुरडायच्या. मला तो वास आवडायचा. अजून आवडतो.

चाकांवरची हॉकी तिथेच शिकले. पुढे कॉलेजात असताना लेहच्या शिबिरात पहिल्यांदा बर्फावर उतरले. गोठलेलं तळं, त्याच्या कडेनं लाकडी फळ्यांची भिंत, आणि श्वास घेतला की नाकातले केस कडक होणारी सकाळ. मला वाटलं होतं बर्फ पांढरा असेल. तो काळसर हिरवा होता आणि खोलवरून मधूनच कुरकुरायचा. चाकांवर थांबायची सवय असलेली मी तिथे थांबूच शकेना, पार पलीकडच्या काठापर्यंत गेले आणि बर्फाच्या ढिगात बसले. तिथल्या मुली हसल्या नाहीत. एकीनं येऊन बुटांखालची दोन्ही पाती आडवी कशी फिरवायची ते तीनदा करून दाखवलं आणि निघून गेली. अशी माणसं मला आवडतात.

त्यानंतरची वर्षं त्या बर्फावर गेली. राज्याच्या संघातून खेळले, देशाच्या शिबिरांत राहिले. आखातातल्या एका शहरात, मॉलच्या पोटात बांधलेल्या बर्फाच्या मैदानावर, म्हणजे रिंकवर, एक हंगाम चक्क पगार घेऊन खेळले. बाहेर वाळवंट, आत बर्फ, आणि काचेपलीकडे पिशव्या घेऊन फिरणारी माणसं आमच्याकडे बघत आइस्क्रीम खाताहेत. मला ते फार विचित्र वाटलं नाही. अमरावतीच्या मे महिन्यातून आलेल्या माणसाला काय विचित्र वाटायचं? त्याच रिंकच्या कोपऱ्यात, पक, म्हणजे आमच्या खेळात चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, भिंतीला लागून घसरत होता आणि मी त्याच्यावर झेपावले. मागून एक धिप्पाड पोरगी आली. माझा पाय फळीत अडकला आणि गुडघा नको त्या बाजूला वळला. तो आवाज मी विसरलेले नाही.

ऑपरेशन झालं अमरावतीत. त्यानंतर जे कोणी भेटायला आलं ते एकच शब्द घेऊन आलं. कोचिंग. डॉक्टर म्हणाले, आता कोचिंग करा. संघातल्या वरिष्ठ म्हणाल्या, तुझ्यासारखी कोच आम्हाला हवीच आहे. नात्यातले म्हणाले, कोचला मान असतो. आजारी माणसाला मोसंबी द्यावी तसा जो तो मला तो शब्द देऊन जायचा. माझं वय तेव्हा तिशीच्या अलीकडे होतं. मला त्या शब्दाचा इतका राग यायचा की उशीखाली काठी असती तर मी कुणावर तरी उगारली असती. मला हिवाळ्यातल्या निवड चाचणीला उभं राहायचं होतं आणि संघात परत यायचं होतं, दुसरं काही नको होतं. मी हे बोलून दाखवलं की सगळे माझ्या गुडघ्याकडे बघायचे.

म्हणून मी अकोल्याला आत्याकडे निघून आले. अमरावतीच्या मैदानावर सुट्टीतले लहान मुलांचे वर्ग भरले होते, तिथे जागा नव्हती. आत्या भाजी विकते. बाजाराच्या कोपऱ्यावर तिची जागा, आणि ती जागा हलवायला आलेल्या माणसांना तिनं रस्त्यात भेंडीचं टोपलं ठेवून परत पाठवल्याची गोष्ट सगळ्या बाजाराला ठाऊक. तिनं माझी पिशवी बघितली, त्यातून बाहेर डोकावणारी हॉकी स्टिक बघितली आणि विचारलं,

“काहून वं? डाक्टर तं नाई म्हणते न?”

“डॉक्टर हॉकी खेळते काय आत्या?”

“कोच व्हा म्हणून राहिले तं होऊन जाय. शिट्टी वाजवाची अन् सावलीत बसाचं.”

“तू बसतं काय सावलीत?”

आत्यानं माझ्यापुढे ताट सरकवलं. मग म्हणाली, “लय झाली बोलणारी. जेवून घे, उद्या रज्जाकभाईले इचारतो.”

रज्जाकभाई हे तिचे रोजचे गिऱ्हाईक, आणि शहराबाहेरच्या एका जिनिंगचे मुकादम. कापूस उठल्यावर फरशी दसऱ्यापर्यंत रिकामीच असते हे त्यांनीच सांगितलं. मालकाला विचारून आले आणि म्हणाले, “खेलो बेटी, मगर आठच्या आत आटपा. बादमें फर्श तव्यावानी तापते.” ते खरं होतं. त्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला तो खाली यायलाच तयार नव्हता. सहाला फरशी कोमट, सातला गरम. आठनंतर चाकं इतकी मऊ पडायची की प्रत्येक रेट्याला फरशी त्यांना धरून ठेवते आहे असं वाटायचं. मी डोक्याला ओला दुपट्टा बांधायची आणि खिशात कांदा ठेवायची. कांद्याचं काही कळत नाही, पण आत्यानं दिलेला कांदा फेकायची माझी हिंमत नव्हती.

पहिले काही दिवस मी एकटीच होते. आत्याची जुनी टोपली मागून आणली, फरशीवर उपडी मांडली आणि त्यांच्यामधून चेंडू काढत पळायला लागले. भिंतीला दोन बांबूंना बारदान बांधलं, ते गोल. दहा टोपली चुकवायची आणि बारदानात चेंडू मारायचा. गुडघा दुखायचा, सुजायचा, संध्याकाळी त्यावर रसवंतीतला बर्फ बांधायचा. हळूहळू सगळी टोपली चुकवता यायला लागली. एका सकाळी मी त्यांच्यामधून इतकी सफाईनं गेले की मीच खूश झाले, आणि बारदानाजवळ थांबून मागे वळून पाहिलं. टोपली जागच्या जागी होती. माझा सगळा आनंद तिथेच गेला. टोपलं अडवत नाही. ते धक्का देत नाही, मागे लागत नाही, फसत नाही आणि फसवतही नाही. हिवाळ्यात मला माणसं अडवणार होती.

अडवणारी माणसं अकोल्यात कुठून आणायची? मी कॉलेजांमधून फिरले, स्केटिंग येणाऱ्या मुली शोधल्या. पाच-सहा मिळाल्या. त्यांना वाटलं कोचिंग क्लास सुरू होतोय. मी त्यांना फरशीवर ओळीत उभं करून स्पष्ट सांगितलं, “मी कोच नाही. मी तुम्हाला काही शिकवणार नाही. मला हिवाळ्यात चाचणी द्यायची आहे. तुम्ही फक्त मला अडवायचं. अडवता आलं नाही तर का आलं नाही ते मी सांगेन, म्हणजे दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं अडवाल.” त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटची उंच, सावळी मुलगी म्हणाली, “अन् अडवलं तं?”

तिचं नाव पायल. हिवरखेडची. घरी काळ्या मातीची शेती, गावात कबड्डी, शिकायला म्हणून अकोल्यात हॉस्टेलवर, आणि स्केटिंग शाळेपासूनचं. तिचा प्रश्न मी हसण्यावारी नेला, कारण तसं होईल असं मला वाटलंच नव्हतं.

आज विचार करते तेव्हा गंमत वाटते. ज्या शब्दाचा मला इतका राग होता तेच मी करत होते आणि मला पत्ता नव्हता. रोज आठ वाजता सावलीला बसून मी त्यांना सांगायची की चेंडूकडे बघू नका, चेंडू खोटं बोलतो. मी डावीकडे खांदा टाकते तेव्हा माझी कंबर कुठे जाते ते बघा. पायलला हे सांगावं लागलं नाही. कबड्डीतल्या पोरी कंबरच बघतात. जूनमध्ये तिनं पहिल्यांदा माझ्याकडून चेंडू काढून घेतला. मी चिडले. दुसऱ्या दिवशी नवी चाल घेऊन आले आणि तिला तीन वेळा फसवलं. चौथ्या दिवशी ती चालही तिला कळली. मग मी आणखी वेगळी काढली. आमचं भांडणच होतं ते, आणि त्या भांडणात आम्ही दोघी भराभर सुधारत होतो. माझा गुडघा कधी दुखायचा थांबला तेही मला आठवत नाही.

फरशीच्या तिन्ही बाजूंना त्या वर्षी न विकलेल्या रुईच्या गाठी रचलेल्या होत्या. गच्च दाबून, पट्ट्या मारून बांधलेला कापूस, अंगावर बारदान. बर्फाच्या रिंकला फळ्यांची भिंत असते ना, तशी आमची ही गाठींची भिंत. चेंडू गाठीजवळ अडकला की पोरी मान खाली घालून भरधाव जायच्या आणि धाडकन खांदा मारायच्या. गाठ दणका पोटात घ्यायची. कधी एखादीला खरचटायचं, पण लागायचं असं कुणालाच नाही. मी मात्र गाठीजवळ पोचताना किंचित हळू व्हायची. फार नाही, अर्ध्या श्वासाइतकी. ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

पाऊस आला तेव्हा आम्ही शेडखाली सरकलो. पोळा झाला, गणपती झाले. दसऱ्याच्या सुमारास कापसाच्या पहिल्या गाड्या फाटकातून आत आल्या. रज्जाकभाईंनी लांबूनच दोन्ही हात पसरून दाखवले, म्हणजे झालं आता. बघता बघता आमच्या फरशीवर पांढरा ढीग उभा राहिला. पोरी गंजीकडे बघत उभ्या होत्या. पायलनं विचारलं, “ताई, बर्फ असाच दिसते काय?” मी म्हटलं, “नाही. चल, दाखवते.” ते मी ठरवून बोलले नव्हते. पण बोलले, आणि मग तिलाही चाचणीला न्यावं लागलं. बाकीच्यांच्या घरून परवानगी मिळाली नाही. पायलनं घरच्यांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

लेहला पोचल्यावर पहिल्या सकाळी तिनं बर्फावर पाऊल ठेवलं आणि मी पहिल्यांदा गेले होते तशीच ती पलीकडच्या काठापर्यंत गेली. पण दोन दिवसांत तिला पाती कळली. तिसऱ्या दिवशी पक कोपऱ्यात गेला आणि ही आमची हिवरखेडची पोरगी जिनिंगच्या सवयीनं मान खाली घालून सुसाट निघाली. मी ओरडले तोवर ती फळीवर आदळली होती. सगळी रिंक हादरली. तिथल्या मुली खेळ सोडून धावल्या. भिंत म्हणजे कापूस असतो ही चूक वऱ्हाडाबाहेर कोण करणार? पायल बसली, हनुवटीवरचं रक्त हातमोज्यानं पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

“ताई, इथली गाठ लय कडक हाय.”

“आता तरी हळू जाशील ना?”

“हळू जाऊन पक भेटते काय?”

“भेव नाई वाटत तुले?”

“तुमी भेव शिकवलंच नाई न.”

आणि पुढच्या वेळी ती तेवढ्याच वेगानं गेली. मला आनंद झाला. पण चाचणीला जागा थोड्या होत्या, आणि आता मी एकटी उमेदवार राहिले नव्हते.

लोक अजून म्हणतात, ताई, आता पुरे की. परवा नव्या मुलींपैकी एकीच्या वडिलांनी विचारलं, मॅडम, तुम्ही या वयात मुलींबरोबर धावता कशाला, बाजूला उभं राहून सांगायचं. मी त्यांना म्हटलं, बाजूला उभं राहून टोपलंसुद्धा शिकवतं. त्यांना काही कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही. माझ्याकडे शिट्टी नाही. मी मुलींना अडवते आणि त्या मला चुकवतात, नाहीतर त्या अडवतात आणि मी चुकवते. दुसरी कुठली पद्धत मला येत नाही आणि यायलाही नको. गुडघा हिवाळ्यात ठणकतो. ठणको बापडा, त्यालाही काही काम हवं.

त्या चाचणीचा निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवट गोड करायचा मोह मला होणार नाही. यादीत नाव पायलचं लागलं, माझं नाही. खूप वाईट वाटलं. तिच्यासाठी आनंद झाला वगैरे म्हणायला मला पुढचे काही महिने लागले. पण निकाल संध्याकाळी लागला, आणि मला सांगायचंय ते दुपारचं.

एक जागा उरली होती. पुढे खेळणारी घ्यायची की मागे राहून अडवणारी, ते समोरासमोर खेळवून ठरवू, असं निवडणाऱ्यांनी सांगितलं आणि आम्हा दोघींना उभं केलं. ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. काठावर चाचणीला आलेल्या बाकीच्या मुली उभ्या होत्या. ताई आता थोडी ढील देणार, असं त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं. पायललाही तसंच वाटत असावं, ती माझ्या डोळ्यांत बघेना. मला संताप आला. मी तिच्याजवळ गेले.

“हे पाय पायल. आज मी तुयी ताई नाई. मी तुले सोडणार नाई. तू मले सोडशील तं याद राख.”

“हौ,” ती म्हणाली, आणि तिनं माझ्या कमरेकडे बघायला सुरुवात केली.

पहिल्या खेपेला मी तिला चुकवून गोल केला. उजवीकडची ती चाल मी सबंध उन्हाळा तिच्यापासून लपवून ठेवली होती. दुसऱ्या खेपेला तिनं मला मधेच थोपवलं. तिसऱ्या खेपेला पक माझ्या स्टिकवरून निसटला आणि कोपऱ्यात, फळीच्या कडेकडेनं घसरत निघाला. मी जवळ होते. तो माझा होता. मी निघाले आणि फळी समोर आली, तशी मी अर्ध्या श्वासाइतकी हळू झाले. तेवढं पायलला पुरलं. ती मागून आली, जराही न थांबता, फळी, मी, पक सगळं एकाच खांद्यानं घेऊन. मी खाली पडले तेव्हा पक तिच्याकडे होता.

आणि ती थांबली. पक स्टिकपाशी, समोरचा गोल रिकामा, आणि ही वाकून मला हात देते आहे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. काठावरून कुणीतरी हळहळल्याचा आवाज आला. उन्हाळाभर घाम गाळून मी हे शिकवलं होतं काय? मी तिच्या हातावर फटका मारला.

“पाहून काय राहिली वं? पक घे अन् पय!”

ती दचकली, वळली आणि पळाली. हिवरखेडच्या पोरी पळतात तशी, मान खाली घालून. मी एक हात टेकला, मग गुडघा टेकला, तोच गुडघा, आणि उठले. कुणी थांब म्हणत होतं, कुणी माझं नाव घेत होतं, निवडणारे मान खाली घालून लिहीत होते. त्यांना लिहू दिलं. पाती बर्फात रुतवली आणि तिच्या मागे सुटले. रिंकच्या मध्यावर पोचेपर्यंत तिच्या पात्यांची करकर मला जवळ येताना ऐकू यायला लागली होती.